एकाची डिस्क बारा वर्षं, दुसऱ्याची अकरा महिने

बेळगावच्या वडगावात आमच्या काकांचे यंत्रमाग आहेत. त्यांच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये २०१३ साली बसवलेली हार्ड डिस्क अजून चालते. मागांची धडधड, सुताची धूळ, येता-जाता गुल होणारी लाईट, सगळं तिने पचवलं. खानापूरच्या मामांनी दीड वर्षापूर्वी त्याच कंपनीची डिस्क घेतली, तीही माझ्या सांगण्यावरून. अकराव्या महिन्यात ती आतून टकटक वाजायला लागली आणि एका सकाळी कॉम्प्युटरने तिला ओळखच दिली नाही. आता घरच्या कार्यात दोघे एका पंगतीला आले की काका म्हणतात, "डोळे झाकून तीच घ्यावी." मामा म्हणतात, "फुकट दिली तरी घेऊ नका ओ." मग दोघे माझ्याकडे बघतात. मी आमटीकडे बघतो.

दोघेही खोटं बोलत नाहीत. तरी दोघांपैकी कुणाच्याच सांगण्यावरून डिस्क घेऊ नये असं माझं मत आहे.

हा विषय सध्या घरोघरी निघतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि जुन्या पीसीचं काय करायचं हा प्रश्न कॉलेजच्या पोरांपासून अडत दुकानापर्यंत सगळ्यांपुढे आला. "जुन्यातच रॅम (कामापुरती मेमरी) वाढवू, एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) टाकू" म्हणत दुकानात गेलेल्यांना भाव ऐकून मटकन खाली बसायची वेळ आली. रॅमच्या चिप बनवणारा जगातला बहुतेक सगळा बाजार सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हातात आहे. त्यांनी कारखाने एआय सर्व्हरच्या महागड्या मेमरीकडे वळवले तशी घरगुती मालाची टंचाई झाली. चिक्कोडीकडे उसाला भाव आला की भाजीचं रान कमी होतं, तसंच. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आधी घेतलेल्या मालाची वॉरंटी पाळू, असंही सांगितलं.

वस्तू महागली की माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. त्या चौकशीत भेटतात ते काका आणि मामाच.

## डब्याच्या आत काय असतं

हार्ड डिस्क म्हणजे चकचकीत तबकड्या आणि त्यांवर फिरणारा एक बारीक हात. ग्रामोफोन डोळ्यांसमोर आणा, पण इथे सुई तबकडीला टेकत नाही. मोठ्या पीसीतली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. तिच्या कडेचा वेग पुणे-बेंगळूरु हायवेवरच्या सुसाट गाडीएवढा असतो. वाचणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. चालू डिस्कला धक्का बसला की काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि मावायची सगळी मिळून पन्नास लाख अक्षरं. आजच्या मोबाईलचा एक फोटो.

एसएसडीत काहीच फिरत नाही. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. ही फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. हार्ड डिस्क म्हणजे मार्केट यार्डातलं गोदाम. हमालाने आत जायचं, थप्पी शोधायची, पोतं काढायचं. एसएसडी म्हणजे काष्ठौषधीवाल्याची खणांची भिंत. बसल्या जागी हात घातला की खण उघडला. म्हणून दहा वर्षं जुन्या पीसीला एसएसडी लावली की तो तरुण झाल्यासारखा वाटतो.

आता एक बारकावा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ त्यात आहे. एका कप्प्यात किती माहिती कोंबायची हे कंपनी ठरवते. एक पेला घ्या. तो भरलाय की रिकामा, एवढंच ओळखायचं असेल तर लांबूनही कळतं. त्याच पेल्यावर सोळा रेघा मारल्या आणि पाणी कितव्या रेघेवर आहे ते सांगा म्हटलं, तर जवळ जाऊन, वाकून, नीट बघावं लागतं आणि थोडं पाणी उडून गेलं तरी उत्तर चुकतं. आठ पातळ्यांच्या चिपला टीएलसी म्हणतात, सोळा पातळ्यांच्या चिपला क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहायला हळू आणि झिजायला लवकर. दुकानाच्या काउंटरवर दोन्ही डबे शेजारी असतात आणि दोन्हींवर "१ टीबी" एवढंच ठळक छापलेलं असतं.

## सुरुवातीला सुसाट, मग रांगत

"पहिली पाच मिनिटं विमान, नंतर बैलगाडी." लग्नाचे व्हिडिओ काढणारे आमचे एक स्नेही आहेत, हे त्यांचे शब्द. त्यांनी नव्या एसएसडीवर तीनशे जीबीचं शूटिंग टाकायला घेतलं आणि माल खोटा आहे म्हणून दुकानदाराशी भांडण काढलं.

माल खोटा नव्हता. बेळगावातलं गणपती विसर्जन आठवा. मंडळं चौकात भराभर येऊन उभी राहतात, पण कपिलेश्वर तलावात मूर्ती एकेकच उतरते. पाच-सहाच मंडळं असतील तर रांग लागल्याचं जाणवतही नाही. सगळी एकदम आली की ओळ मागे मागे सरकते आणि दुसऱ्या दिवशी दुपार होते. एसएसडीतही असा एक चौक असतो, त्याला कॅश म्हणतात. काही कप्पे तात्पुरते "भरलंय की रिकामं" एवढ्याच पद्धतीने, म्हणजे झपाट्याने, वापरले जातात. मग सवडीने तो माल सोळा रेघांच्या पेल्यांत नीट भरला जातो. चौक भरेपर्यंत वेग जाहिरातीतला. चौक भरला की खरा वेग उघडा पडतो आणि स्वस्तातल्या क्यूएलसी डिस्कमध्ये तो कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. शिवाय ड्राइव्ह जितकी भरलेली, तितका हा चौक लहान होतो. ऑफिसची पत्रं आणि टॅलीचा हिशेब लिहिणाऱ्याला हा फरक जन्मभर कळणार नाही. व्हिडिओवाल्याला पहिल्याच दिवशी कळतो. एकाच डिस्कला एकजण पाच तारे देतो आणि दुसरा एक, आणि दोघेही प्रामाणिक असतात.

हार्ड डिस्कमध्येही असाच एक प्रकार आहे. जास्त माहिती मावावी म्हणून काही डिस्कमध्ये तबकडीवरच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहितात, आपल्या घरांवरच्या मंगलोरी कौलांसारख्या. नवं छप्पर घालायचं तर सोपं. पण मधलंच एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली चार उचलावी लागतात. या पद्धतीचं नाव एसएमआर. साठवून ठेवायच्या फोटोंना ती चालते, सतत बदलणाऱ्या फाइलींना जड जाते. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेत, जी ऑफिसच्या सामायिक साठवणीसाठी म्हणूनच विकली जाते, काही डिस्क अशा कौलारू होत्या आणि ग्राहकांना तसं सांगितलेलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं याची यादी जाहीर केली. आता विकत घेण्याआधी ती माहिती बघता येते. बघत कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

## मग एकाला फळते, दुसऱ्याला नाही, ते का?

भाताची लावणी केल्यावर पहिल्या पंधरवड्यात काही रोपं मरतात. जी धरली ती पुढे तग धरतात. शेवटी पिकून सगळीच वाळतात. डिस्कचंही आयुष्य असंच जातं. कारखान्यातून कच्चेपणा घेऊन आलेल्या पहिल्या काही महिन्यांत जातात, मधली वर्षं बरी जातात आणि म्हातारपणी पुन्हा मरण वाढतं. मामांची डिस्क न धरलेलं रोप होतं. काकांची धरलेलं.

पण शंभरातली किती रोपं मरतात हे एका वाफ्यावरून कळत नाही. अमेरिकेतली बॅकब्लेझ नावाची कंपनी लोकांचा डेटा साठवते आणि आपल्याकडच्या हार्ड डिस्क किती बंद पडल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करते. आता तिच्याकडे तीन लाखांवर डिस्क चालू आहेत. २०२४ मध्ये बंद पडण्याचं वार्षिक प्रमाण होतं १.५७ टक्के. म्हणजे शंभर घरांत शंभर डिस्क असतील तर वर्षाला एक-दोन घरांत रडारड, बाकी ठिकाणी शांतता. त्यांचे ड्राइव्ह वातानुकूलित खोलीत, स्थिर विजेवर राहतात हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे आकडा थोडा चढाच धरावा.

या आकड्यांतून मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की कंपनीपेक्षा मॉडेल महत्त्वाचं. सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलने बॅकब्लेझला इतका त्रास दिला की २०१२ पासून बसवलेल्या चार हजारांवर डिस्कपैकी २०१५ पर्यंत जेमतेम काहीशे उरल्या होत्या. त्याच कंपनीच्या ४ टीबीच्या डिस्क त्याच खोलीत व्यवस्थित चालल्या. "सीगेट वाईट" म्हणणाराही बरोबर आणि "सीगेट चांगली" म्हणणाराही, कुणाच्या हातात काय पडलं त्यावर.

आणि मॉडेलचं नाव तेच राहिलं तरी आतला माल तोच असेल याची खात्री नाही. २०२१ मध्ये क्रूशलच्या पी२ एसएसडीमध्ये आधीची टीएलसी चिप जाऊन क्यूएलसी आली. नाव तेच, डबा तोच. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० मध्ये चिप बदलल्यावर कॅश भरल्यानंतरचा वेग बराच घसरला आणि पुढे असा बदल केला तर मॉडेल नंबरही बदलू, असं कंपनीला म्हणावं लागलं. दुकानाची पाटी तीच, डबा तोच आणि आत कुंदा भलत्याच भट्टीतला, तर बेळगावचा माणूस पहिल्या घासाला ओळखेल. चिपची चव घेता येत नाही, म्हणून हे खपून जातं. दोन वर्षांपूर्वीचं कौतुक वाचून आज डिस्क घेणाऱ्याची अशीच फसगत होते.

ऑनलाइन अभिप्रायांचा तर वेगळाच खेळ. "पॅकिंग छान, वेळेत आली, पाच तारे." अहो, डिस्कचं काय? ती तर अजून लावलीही नाही! आणि जिची डिस्क सहा वर्षं निमूट चालली ती बाई परत येऊन तसं लिहीत नाही. डिस्क गेलेला मात्र रात्री दोनला बसून लिहितो. मीही लिहिलं होतं.

## लाईटचा दोष, डिस्कला शिव्या

आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो. आधी वारा, मग वीज कडाडते, मग लाईट जाते, येते, पुन्हा जाते. हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, शिव्या घालून मेणबत्ती शोधेपर्यंत कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू झालेला असतो. हे झटके डिस्कला दोन तऱ्हांनी लागतात. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलींची यादीच अर्धवट राहते. डिस्क शाबूत असते, पण विंडोज उघडत नाही. लोक तिला "उडाली" म्हणतात आणि फॉरमॅट मारल्यावर ती छान चालते. दुसरी तऱ्हा म्हणजे व्होल्टेजच्या उसळीने डिस्कखालची सर्किटची पट्टी जळणं.

इथे एसएमपीएसबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. भिंतीतून आलेल्या विजेचं डिस्कला लागणाऱ्या १२ आणि ५ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा हा पत्र्याचा डबा. असेंबल पीसी घेताना आपण प्रोसेसरवर तासभर घासाघीस करतो आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस तसाच लावून घेतो. तो कमअस्सल असेल तर एकामागून एक डिस्क खातो. आमच्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्याने दोन वर्षांत तीन डिस्क बदलल्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि "हल्लीचा मालच बोगस" हा निष्कर्ष काढला. चौथ्या वेळी मेकॅनिकने एसएमपीएस बदलला आणि दुकानाचं अर्थिंग तपासून घेतलं. ती डिस्क अजून चालू आहे. यूपीएस आणि अर्थिंग यांवर घातलेला पैसा डिस्कच्या ब्रँडवर घातलेल्या पैशापेक्षा कामाला येतो, असं मी आता ठामपणे म्हणतो.

जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. त्या दमट हवेत रॅमच्या पिवळ्या पट्ट्यांवरही थर चढतो आणि पीसी नुसता पीं पीं ओरडतो. मेकॅनिक येतो, रॅम काढतो, शाळेच्या खोडरबरने पट्टी घासतो, परत बसवतो आणि दोनशे रुपये घेऊन जातो. सध्याचे रॅमचे भाव बघता ते दोनशे कुणाला जड वाटू नयेत.

## "अपडेट मारला आणि एसएसडी गेली"

ऑगस्ट २०२५ मध्ये हे वाक्य जगभर फिरलं. विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर मोठ्या फाइली टाकताना एसएसडी गायब होते, असं जपानमधल्या एका वापरकर्त्याने लिहिलं आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरही "अपडेट करू नका" सुरू झालं. एसएसडीतला कंट्रोलर, म्हणजे कप्प्यांचा मुकादम, बनवणाऱ्या फिसॉन कंपनीने साडेचार हजार तासांहून जास्त चाचण्या घेतल्या. तिला ते घडवून आणता आलं नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटचा संबंध सापडला नाही. लाखो लोक एकाच आठवड्यात अपडेट करतात. त्याच आठवड्यात काहींच्या डिस्क तशाही जाणारच असतात. मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं, यातलाच हा प्रकार.

पण सॉफ्टवेअर डिस्क मारूच शकत नाही असंही नाही. मुकादमाच्या डोक्यात एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइझने आपल्या ग्राहकांना सावध केलं की सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील. तीन वर्षं, २७० दिवस, आठ तास. तो आकडा हवेतून आलेला नाही. दोनचा पंधरावा घात ३२,७६८ होतो. तास मोजणाऱ्या खणात बहुधा ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावत होता आणि पुढचा आला की मुकादम कोलमडत होता. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचं, स्कूटर तरी चालत राहायची. भीतीची गोष्ट अशी की एका दिवशी बसवलेल्या चार डिस्क असतील तर चारही एकाच तासाला जाणार. उपाय सोपा होता, वेळेत नवं फर्मवेअर टाकायचं. घरच्या एसएसडीचंही फर्मवेअर वर्षातून एकदा कंपनीच्या साइटवर बघावं, आधी डेटाची प्रत काढून.

झिजून एसएसडी संपेल ही भीती मात्र सोडून द्या. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला ६०० टीबी लिहिण्याइतकी हमी असते. रोज ३० जीबी लिहिलंत तर हिशेब वीस हजार दिवसांचा, म्हणजे चोपन्न वर्षांचा होतो. तोवर ड्राइव्ह लावायचं भोकसुद्धा बदललेलं असेल.

## नवी म्हणून जुनी

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत गवगवा झाला. सीगेटच्या सर्व्हरच्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या, पण आधी हजारो तास वापरलेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच चीनमधल्या चिया नावाच्या आभासी चलनाच्या खाणींतून, म्हणजे ते चलन कमावण्यासाठी चालवलेल्या कॉम्प्युटरांतून, आल्या असाव्यात, असं पुढे आलं. गाडीचं किलोमीटर मीटर मागे फिरवतात तसे डिस्कचे तास शून्यावर आणले होते. पण सीगेटच्या डिस्कमध्ये तासांची आणखी एक नोंद खोल जागी असते, तिला हात लावायचं राहिलं आणि चोरी पकडली गेली.

जर्मनीत होतं तर आपल्याकडे होणार नाही असं कोण म्हणेल? प्रत्येक डिस्क स्वतःची एक रोजनिशी ठेवते, तिचं नाव स्मार्ट. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. नवी डिस्क लावल्या लावल्या "पॉवर ऑन अवर्स" बघायचे. दोन-चार असतील तर ठीक. ८,७६० म्हणजे अख्खं वर्ष अखंड चाललेली. दुकानदाराने "रिफर्बिश्ड आहे" असं सांगून कमी भावात दिली असेल तर तक्रार नाही. न सांगता दिली असेल तर त्याच दिवशी परत न्यावी. "रिअॅलोकेटेड" आणि "पेंडिंग" सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब म्हणून बदललेल्या आणि संशयित तुकड्यांचे, आकडे शून्य असले पाहिजेत. "सीआरसी एरर" वाढत असेल तर बहुधा केबल सैल असते आणि लोक उगाच डिस्क बदलतात. स्मार्टवर आंधळा विश्वासही नको. बॅकब्लेझच्या अनुभवात बंद पडलेल्या साधारण चारातल्या एका डिस्कने आधी काहीच चाहूल दिली नव्हती.

राहिला बाजारात पाच-सातशे रुपयांना मिळणारा "२ टीबी" पेन ड्राइव्ह. तो खोटाच. आत चिमूटभर मेमरी असते आणि फर्मवेअर मोठा आकडा बोलतं. जागा संपली की तो नव्या फाइली जुन्यांवर लिहितो किंवा नुसतीच नावं ठेवतो. महिन्याने फोटो उघडायला जाल तेव्हा कळतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. त्याला वेळ लागतो, पण लबाडी लपत नाही.

आणि १ टीबीची ९३१ जीबी का दिसते? ती मात्र लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. वस्तू तेवढीच, मापं दोन.

## वॉरंटी आहे ना, मग कशाला काळजी?

माझी एक पोर्टेबल डिस्क तीन वर्षांच्या वॉरंटीत असताना गेली. बिल होतं, डबा होता. दुकानदाराने हात वर केले आणि सेंटरचा पत्ता दिला. सेंटर गावात नव्हतं, कुरिअर करावं लागलं. चाळीस दिवसांनी पाकीट आलं. आत डिस्क होती, पण सीरियल नंबर वेगळा आणि लेबलवर बारीक अक्षरांत "दुरुस्त करून तपासलेली" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. फोन केला तर पलीकडचा पोरगा थंडपणे म्हणाला, "डाटा नम्म जवाब्दारी अल्ल सर." डेटा आमची जबाबदारी नाही. कन्नड मला येतं, आणि त्या दिवशी येत नसतं तर बरं झालं असतं.

चिडलो होतो, पण वॉरंटीचा कागद वाचल्यावर कळलं की तो बरोबर बोलत होता. कंपनी डिस्कची हमी देते, आतल्या बारशाच्या फोटोंची नाही. बदली मिळणारी डिस्क नवीच असेल असंही लिहिलेलं नसतं आणि बहुतेक वेळा तिला उरलेल्याच वॉरंटीचा काळ मिळतो. एसएसडीला तर वर्षं किंवा लिहिलेले टीबी, जे आधी संपेल ते.

वॉरंटीच नाकारली तर काय करायचं? आपल्याकडचा हा खास प्रश्न, कारण निपाणीचा माणूस खरेदीला कोल्हापूरला जातो, बेळगावचा कधी पुण्याहून मागवतो. दुकान महाराष्ट्रात, घर कर्नाटकात, दाद कुठे मागायची? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा घोळ संपवला. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापूरच्या खरेदीसाठी बेळगावात. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, पुष्कळदा तेवढ्याने हलतं. फक्त बिल पाहिजे, आणि त्यावर सीरियल नंबर. "बिल नको, अठरा टक्के वाचवतो" म्हणणारा दुकानदार तुमचे हे दोन्ही दरवाजे बंद करत असतो.

डिस्क वाजायला लागली तर ती लगेच बंद करा. परत परत चालू करून बघणं म्हणजे मोडक्या पायावर चालवणं. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणाऱ्याला तिथेच चहा पाजून वाटेला लावा. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेलं बरंचसं परत मिळतं. एसएसडीवर मात्र पुसलेले कप्पे मुकादम स्वतःहून साफ करत सुटतो, त्यामुळे आशा कमी. आणि एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नाही, कोंडलेला भार हळूहळू निसटतो. कपाटासाठी हार्ड डिस्कच बरी.

## तर घ्यायची कुठली?

मामांनी परवा पुन्हा हेच विचारलं. मी म्हटलं, पाच वर्षांच्या वॉरंटीची टीएलसी बघा, बिल घ्या, कंपनी कुठलीही चालेल. "कुठलीही? हे काय उत्तर झालं?" त्यांना नाव हवं होतं. शेवटी त्यांनी काकांचीच कंपनी घेतली, फक्त एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फोचा फोटो पाठवला, तास दाखवत होतं ३. "नवीच आहे की ओ!"

त्याच रविवारी वडगावला गेलो होतो. काकांचा चहा येईपर्यंत त्यांच्या २०१३ च्या डिस्कची रोजनिशी उघडली. तास ३३,४१२. रिअॅलोकेटेड सेक्टर, मागच्या दिवाळीत शून्य होते, आता १४४. पिवळी पट्टी, म्हणजे सावधान. काका मागून म्हणाले, "काय म्हणत्येय आमची म्हातारी? ठणठणीत नव्हं?" मी हो म्हटलं, आणि टॅलीचा सगळा फोल्डर माझ्या डिस्कवर ओढून घेतला. एक प्रत काकूंच्या कपाटात, एक निपाणीला त्यांच्या लेकीकडे. लेकीने विचारलं, ही डिस्क कुठल्या कंपनीची? मी नाव सांगितलं नाही.